घाम आला होता का?

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला सिस्टर आधी दुखण्याबद्दल विचारत नसत. त्या विचारत, ‘‘घाम आला होता का?’’ आणि हा प्रश्न पेशंटकडे नव्हे, तर सोबत आलेल्या बायकोकडे किंवा मुलाकडे बघून विचारत. पेशंट हमखास ‘‘तसं काही नाही’’ म्हणे. बायको मात्र सांगे, ‘‘बनियन पिळून काढावं इतका घाम होता, पंखा चालू असताना.’’ एवढं कानावर पडलं की सिस्टर केसपेपर बाजूला ठेवत आणि ईसीजीचं मशीन ओढून घेत. नाव, गाव, वय नंतर लिहिता येतं.

मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयाच्या आयसीसीयूत या सिस्टरची उमेदवारी झाली. लग्नानंतर त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आल्या, तिथल्या सरकारी रुग्णालयात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. या दोन जागांमधला फरक समजायला त्यांना काही महिने लागले. मुंबईच्या आयसीसीयूत पेशंट यायचा तो निदानासकट. कागदावर ॲटॅक लिहिलेला असायचा, पुढचं काय ते करायचं. तालुक्याला हृदयविकार म्हणून कुणीच येत नसे. येत ते गॅस, पित्त, उसण, अशक्तपणा, ‘‘कसंतरीच होतंय’’. त्यातून हृदयाचं दुखणं हुडकून काढायचं काम दारातच करावं लागे, आणि बहुतेक वेळा ते डॉक्टर येण्याआधी सिस्टरलाच करावं लागे.

या सगळ्या वर्षांतून त्यांचं एक ठाम मत झालं आहे. हृदयविकारावरचे उपचार आज चांगले आहेत, बरेचसे स्वस्तही आहेत. माणूस हातचा जातो तो दोन ठिकाणी: रुग्णालयात पोहोचण्याआधीच्या काही तासांत, आणि रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या काही वर्षांत. मधल्या चार दिवसांची काळजी घ्यायला यंत्रणा आहे. अलीकडचं आणि पलीकडचं मात्र घरच्यांवर सोडून दिलेलं असतं.

अलीकडच्या तासांचं उदाहरण म्हणून त्या एका गवळ्याची गोष्ट सांगतात. पहाटे चारला त्याच्या छातीत भरून आलं. रात्री जत्रेचं मटण झालेलं, म्हणून सोडा घेतला. मग धारा काढल्या. मग कॅन मोटारसायकलला अडकवून दूध डेअरीवर घातलं, कारण वेळेनंतर डेअरी दूध घेत नाही. साडेआठला तो रुग्णालयाच्या बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘सिस्टर, काय न्हाई, गॅसच झालाय, एक सुई मारा.’’ चेहरा राखेसारखा झालेला, हात गार. ईसीजीची पट्टी काढली तर छातीवरच्या लीडमध्ये एसटी सेगमेंट चढलेला. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी मुख्य वाहिनी बंद पडलेली, तीही साडेचार तासांपूर्वी.

रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू लगेच सगळा मरत नाही. तो तासातासाने मरत जातो. पहिल्या दोन-तीन तासांत गुठळी विरघळवली किंवा फुग्याने वाहिनी उघडली, तर बराच स्नायू वाचतो. बारा तासांनंतर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फारसा उपयोग राहत नाही. गवळी वाचला. पण त्याच्या हृदयाचं पंपिंग नंतर कधी पूर्ववत झालं नाही आणि पुढच्या वर्षी त्याने म्हशी विकल्या. पाच वाजता आला असता तर? सिस्टरना हा प्रश्न आजही छळतो, कारण त्याचं घर रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर होतं.

दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांच्या मानाने लवकर येतो. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात आपल्याकडचं पहिल्या झटक्याचं मध्यम वय 53 होतं, इतर देशांत ते 58-59 च्या घरात होतं. म्हणजे घर चालवणारा माणूस, डोक्यावर कर्ज, मुलीचं लग्न तोंडावर. त्याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका सुमारे दुपटीवर निघाला. बिडी-सिगारेट ओढत नाही म्हणून निर्धास्त असलेल्यांची तालुक्यात कमतरता नाही. खिशात मात्र तंबाखू आणि चुन्याची डबी असते. बायकांमध्ये मिश्री. पेशंट बाईला ‘‘तंबाखू खाता का?’’ विचारलं तर ती रागाने नाही म्हणते. ‘‘मिश्री लावता का?’’ विचारलं की सहज सांगते, ‘‘सकाळी लागतीच की, त्याबिगर पोट साफ होत न्हाई.’’ हे लक्षात आल्यापासून सिस्टर दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारू लागल्या.

बायकांबद्दल त्या अधिक कळकळीने बोलतात. पन्नाशीची, मधुमेह असलेली एक बाई मुलासोबत आली. छातीत दुखत नव्हतंच. जबडा दुखत होता, पाठीत भरून आलं होतं, दोनदा उलटी झाली होती आणि चार पावलं टाकली की दम लागत होता. घरी वास्तुशांत होती. पाहुण्यांच्या पंगती उठेपर्यंत ती चुलीपुढून हलली नाही. मध्येच पाठीला बाम चोळून घेतला. मधुमेहात नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे हृदयाची कळ नेहमीसारखी जाणवतेच असं नाही. पुस्तकात हातोडा बसल्यासारखी छाती दाबून धरणाऱ्या माणसाचं चित्र असतं. या बाईचा चेहरा त्या चित्रात कुठेच बसत नव्हता.

आणखी एक अडचण होती, जिच्याबद्दल कुणी बोलत नसे. ईसीजीला छाती उघडी करावी लागते. हातापायाला क्लिपा आणि छातीला जेली लावून वाट्या. तंत्रज्ञ पुरुष, खोलीला धड पडदा नाही, बाहेर सासरा उभा. ‘‘राहू दे, उद्या बघू’’ असं म्हणून निघून गेलेल्या बायका सिस्टरनी पाहिल्या होत्या. शेवटी त्या स्वतः पट्टी काढायला शिकल्या. मशीन कसं लावायचं, वाटी कितव्या फासळीत बसवायची, हात थरथरला की रेघ कशी बिघडते, सगळं. रात्रपाळीला तंत्रज्ञ नसेच, त्यामुळे हे शिकणं दुप्पट उपयोगी पडलं. खोलीला जाड कापडाचा पडदा त्यांनी पदरच्या पैशाने शिवून घेतला. त्यांच्या मते त्या पडद्याने काही जीव वाचवले, आणि हे त्या अगदी गंभीरपणे सांगतात.

रुग्णालयात खरा बदल झाला तो एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यामुळे. त्याने तपासणी कक्षात नियम लावला: तिशीच्या पुढच्या कुणालाही जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही नव्याने दुखत असेल, किंवा विनाकारण घाम आणि दम असेल, तर आधी पट्टी, मग बाकीचं, आणि ती पट्टी पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत. सुरुवातीला कुरकुर झाली. कागद वाया जातो, रांग थांबते. काही आठवड्यांनी कुरकुर थांबली, कारण ‘पित्ताचे’ म्हणून घरी गेले असते असे पेशंट त्या कागदावर दिसू लागले. पहिली पट्टी सरळ आली म्हणून सोडायचं नाही, हेही त्यानेच शिकवलं. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पट्टी. झटक्याच्या सुरुवातीला रेघ साधी दिसू शकते. झटका ओळखायला मदत करणारं रक्तातलं ट्रोपोनिन वाढायलाही काही तास जातात.

एका बाबतीत मात्र सिस्टर लोकांना थांबवत राहिल्या. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवून पेशंट आणायची गावात पद्धतच पडली होती. हृदयाच्या उजव्या भागाला झटका बसलेला असेल तर त्या गोळीने रक्तदाब धाडकन खाली येतो. असा एक पेशंट रिक्षातच बेशुद्ध झालेला त्यांनी पाहिला. ज्याला डॉक्टरने ती गोळी लिहून दिली आहे त्याने ती घ्यावी, शेजाऱ्याला वाटू नये. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी. रक्तस्रावाचा त्रास किंवा ॲलर्जी नसेल तर ती चावून घेतल्याने फायदाच होतो. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या इसिस-2 या अभ्यासात सतरा हजारांहून अधिक पेशंट होते. त्यात नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले, गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजने तेवढेच, आणि दोन्ही मिळून सुमारे चाळीस टक्क्यांनी.

स्ट्रेप्टोकायनेजच्या त्या रात्री सिस्टरच्या मनात पक्क्या आहेत. पंधरा लाख युनिट, तासाभरात सलाइनमधून सोडायचं. मध्येच रक्तदाब घसरे, थेंब मंद करावे लागत, पाय वर करावे लागत. गुठळी विरघळून रक्त पुन्हा धावू लागलं की मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे होत. नवख्या परिचारिका घाबरत आणि सिस्टर म्हणत, ‘‘थांब, वाहिनी उघडतेय बहुतेक.’’ दीड तासाने पुन्हा पट्टी काढायची. चढलेली रेघ निम्म्याहून खाली आली असेल तर नातेवाइकांना चहा प्यायला सांगायचं. नंतर टेनेक्टेप्लेज आलं. वजनाप्रमाणे एकच इंजेक्शन, काही सेकंदांत देऊन मोकळं. महाराष्ट्रात 2014 साली 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली, आणि इंजेक्शन देऊन पेशंट जिल्ह्याच्या गावी अँजिओग्राफीला पाठवणं जमू लागलं. त्याआधी जीपच्या मागच्या सीटवर सलाइनची बाटली धरून बसलेला भाऊ हीच रुग्णवाहिका असे.

पैशांची अडचणही थोडी सैल झाली. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेचं ऑपरेशन बसतं. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. औषध लावलेला स्टेंट तेव्हा 29,600 रुपयांच्या वर विकता येईना. त्याआधी एका स्टेंटसाठी जमीन गहाण पडलेली घरं सिस्टरच्या ओळखीत आहेत.

पण स्टेंट बसला म्हणजे आजार गेला, हा समज पैशाच्या अडचणीइतकाच घातक निघाला. ‘स्प्रिंग टाकली, आता काय होत नाही.’ चाळिशीच्या आतला एक जेसीबीचालक योजनेतून फुकट अँजिओप्लास्टी करून आला. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या किमान वर्षभर चालू ठेवायच्या होत्या. तीन महिन्यांनी दाढ दुखायला लागली. गावातल्या कुणीतरी सांगितलं, दाढ काढायची तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद कर. त्याने दोन्ही बंद केल्या. दाढ निघाली, आणि आठवडा व्हायच्या आत स्टेंट गुठळीने बंद झाला. दुसऱ्यांदा त्याला जिल्ह्यापर्यंत नेता आलं नाही. वॉर्डात हृदय बंद पडलं, मिनिटाला शंभराच्या वर दाब देत, शॉक देत सगळे अर्धा तास लढले. त्याच्या आईला बाहेर येऊन सांगायचं काम सिस्टरकडे आलं. दात काढण्यासारख्या गोष्टीत त्या गोळ्या बहुधा थांबवाव्याच लागत नाहीत. थांबवायच्या का, हे हृदयाच्या डॉक्टरला एक फोन करून कळलं असतं.

त्यानंतर डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर कागद हातात देऊन मोकळ्या होईनाशा झाल्या. घरात गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार, हे त्या नाव घेऊन ठरवायच्या. बहुतेक घरांत ती जबाबदारी शाळेत जाणाऱ्या नातीकडे जाई. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज दोन खुणा, सकाळची आणि रात्रीची. पुढच्या तपासणीला कॅलेंडरचं पान घेऊन यायचं. रिकाम्या चौकटींवर त्या रागावत नसत, त्या दिवशी काय झालं होतं ते विचारत. लग्नाला गेलो होतो, गोळ्या संपल्या होत्या, उपास होता. कारणं कळली की उपाय सापडे: गोळ्यांची जास्तीची एक पट्टी प्रवासाच्या पिशवीत, उपासाला गोळी चालते हे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर स्पष्ट सांगणं.

झटक्यानंतरच्या भीतीबद्दलही त्या मोकळेपणाने बोलतात. काही पुरुष महिनोन् महिने जिन्याची पायरी चढत नाहीत, हातात पाण्याची कळशी घेत नाहीत, रात्री झोपत नाहीत. बायको दुसऱ्या खोलीत झोपू लागते; दोघांनाही विचारायचं असतं, विचारणार कुणाला? सिस्टर दोघांना एकत्र बसवून सांगत. दोन मजले दम न लागता, छातीत न दुखता चढता आले की शरीरसंबंधाची भीती बाळगायचं साधारणपणे कारण नाही, डॉक्टरला एकदा विचारून घ्या. चालणं सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवा. हे ऐकताना माना खाली असत, पण पुढच्या खेपेला तीच जोडपी आपणहून वॉर्डात येऊन बसत.

हृदयाचं पंपिंग कमी झालेल्यांची काळजी वेगळी. तिथे रोजचं वजन हे मोठं हत्यार आहे. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. पाय सुजायच्या आणि रात्री धाप लागून उठून बसायची वेळ यायच्या आधी ते काट्यावर दिसतं. पण घरात वजनकाटा कुठून आणायचा? एका आजीने तोड काढली. त्यांच्या घरासमोर पिठाची गिरणी होती. रोज सकाळी, काही खायच्या आधी, त्या गिरणीवाल्याच्या धान्याच्या काट्यावर उभ्या राहत, आणि गिरणीवाला भिंतीवर खडूने आकडा लिही. आकडा फुगला की तोच नातवाला हाक मारी. आजींची लघवीची गोळी वाढवायची की तपासायला आणायचं, ते फोनवर ठरे. वर्षात चार-चार वेळा ॲडमिट होणाऱ्या त्या आजी मग क्वचितच वॉर्डात दिसू लागल्या. मिठाचंही त्यांच्याकडूनच कळलं. ‘‘मी वरून मीठ घेत नाही’’ असं त्या शपथेवर सांगत, आणि ते खरं होतं. पण ताटात रोज लोणचं, पापड, सांडगी मिरची. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचं म्हणजे सगळं मिळून चमचाभर, हे सांगितल्यावर आजी बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग मेलं लोणचं सुनेला देते.’’

सिस्टरना सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो आजार मात्र म्हाताऱ्यांचा नाही. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा, उद्या घोटा असे सांधे सुजतात. पाच ते पंधरा या वयातला हा संधिवाताचा ताप सांध्यांतून निघून जातो, पण हृदयाच्या झडपा खराब करून जातो. पुन्हा पुन्हा आला की झडप जाड होते, आकसते. तो पुन्हा येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं, वॉर्डात सगळे ज्याला पेनिड्युर म्हणतात त्याचं, इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी घ्यायचं असतं. झडप बिघडली असेल तर किमान दहा वर्षं, कधी चाळिशीपर्यंत. औषध जुनं आणि स्वस्त. सुई जाड, दुखणं दोन दिवस राहणारं.

ऊसतोड कामगाराची एक मुलगी अशी त्यांच्या हाताखाली मोठी झाली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जायची, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. गावात असताना तिची एकही तारीख चुकत नसे. फडावर गेली की चार-पाच महिन्यांचा खंड. तिथल्या दवाखान्यात चिठ्ठी दाखवली तर रिॲक्शनच्या भीतीने इंजेक्शन द्यायला नकार, किंवा औषधच नाही. पेनिसिलिनची गंभीर रिॲक्शन येऊ शकते हे खरं आहे, पण ती विरळ असते आणि ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवून तिला तोंड देता येतं. पुढे मुलीचं लग्न झालं. सासरी आजार सांगितला नव्हता, म्हणून इंजेक्शन बंद. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात ती धापा टाकत, उशांना टेकून बसलेल्या अवस्थेत परत आली. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. आकसलेल्या झडपेतून ते पुढे जाईना आणि फुप्फुसात पाणी साचलं. मोठ्या रुग्णालयात नेऊन फुग्याने झडप उघडली. जपानी शल्यचिकित्सक कांजी इनोउए यांनी 1984 मध्ये जगापुढे मांडलेली ही पद्धत. जांघेतल्या शिरेतून फुगा नेतात, छाती उघडावी लागत नाही. आई आणि बाळ दोघंही सुखरूप घरी आली. सासूला समोर बसवून सिस्टरनी सगळं सांगितलं आणि इंजेक्शनचं कार्ड सासूच्याच हातात दिलं. ते कार्ड आजतागायत भरलेलं आहे.

निवृत्तीनंतर त्या याच एका कामामागे लागल्या आहेत. तालुक्यातल्या आशाताईंना घेऊन त्यांनी झडपेचा आजार असलेल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी केली. कोण कोणत्या कारखान्याला जातं, मुकादम कोण, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कोणतं. प्रत्येक मुलाच्या कार्डावर हंगामातल्या तारखा आधीच लिहून दिल्या आणि त्या केंद्रांना फोन केले. काही ठिकाणी लगेच होकार मिळाला. एका केंद्राचे डॉक्टर इंजेक्शन द्यायला अजून तयार नाहीत. एकदा रिॲक्शन पाहिलेला तो माणूस आहे आणि त्याची भीती सिस्टरना समजते. हंगाम सुरू व्हायच्या आत त्या त्याला भेटायला जाणार आहेत. सोबत त्या वैद्यकीय अधिकाऱ्यालाही नेणार आहेत, ज्याने पट्टीचा नियम लावला होता. पहिलं इंजेक्शन तिथल्या डॉक्टरसमोर, ॲड्रिनॅलिन भरून ठेवून, तो स्वतः देणार आहे.